बारा मटारांचं गाणं

इंग्लंडमध्ये आल्यावर पहिली तीन वर्षं मी घराबाहेर दोनच ठिकाणी तोंड उघडलं. एक डेंटिस्टकडे आणि दुसरं भोंडल्याला.

बाबांना स्लाऊमध्ये नोकरी लागली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुण्यात वर्गाची मॉनिटर, आणि इथे ‘मे आय गो टू द टॉयलेट’ एवढंसुद्धा घशातून बाहेर येईना. त्यातून काय काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. पण नवरात्रातल्या एका शनिवारी मराठी मंडळाचा भोंडला असायचा. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये मधोमध पाट, पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती मुलींचा फेर. सगळ्या एकदम गातात, त्यामुळे तुमचा ॲक्सेंट कसा आहे ते कुणाला कळत नाही. शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायचं, तेही ओरडूनच. मी वर्षभराचं सगळं ओरडून घ्यायचे आणि तेवढ्यावर पुढचं वर्ष ढकलायचे.

आता तसं राहिलेलं नाही. आता मी पंधराची आहे, शाळेच्या डिबेटिंग टीममध्ये आहे, आणि आई बाबांना विचारते, “हिचं बंद करायचं बटण कुठे असतं हो?”

तर यंदा गणपती झाल्यावर वैजयंतीकाकूंच्या घरी मंडळाची मीटिंग होती. वैजयंतीकाकू मंडळाच्या सेक्रेटरी. त्या कौन्सिलच्या लायब्ररीत काम करतात आणि घरीही लायब्ररीत असल्यासारख्याच बोलतात, म्हणजे हळू. पण शेवटचं वाक्य त्यांचंच असतं. मी बटाटेवड्यांचं ताट फिरवत होते आणि मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका मिशीवरची चटणी पुसत म्हणाले, “भोंडला यंदापासून बंद करू या. गेल्या वर्षी मुली किती आल्या? चार. त्यातली एक हत्तीला घाबरून रडली. हॉल आहेच बुक केलेला, दांडिया ठेवू. डीजे आणू. पब्लिक येईल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. वैजयंतीकाकू नुसत्या आपल्या हातातल्या वड्याकडे बघत राहिल्या. आणि ताट टेबलावर ठेवायच्या आत मी बोलूनच गेले.

“सोळा!”

“काय सोळा?” काका म्हणाले. “वडे?”

“मुली. मी सोळा मुली आणते. सोळा आल्या तर भोंडला दर वर्षी होणार. एक जरी कमी पडली तर तुमचा डीजे.”

काकांना वकील व्हायचं होतं, झाले ते वेअरहाउस मॅनेजर. ते पुढे सरसावून बसले. “आल्या आणि पळाल्या, असं चालणार नाही. खिरापत उघड होईल त्या क्षणाला हॉलमध्ये सोळा मुली पाहिजेत. मी स्वतः मोजणार.”

“मोजा की!”

“वैजयंतीताई, लिहून घ्या.”

काकूंनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, त्या किंचित हसल्या.

कारमध्ये आईने विचारलं, “स्लाऊमध्ये तुझ्या ओळखीच्या सोळा मराठी मुली आहेत?”

मी मोजल्या. पाच होत्या. मला धरून.

त्या पाचांतली श्रद्धा माझी बेस्ट फ्रेंड. तिचा जन्मच इथला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमधून येतं आणि आलंच मराठीतून तर ‘माझा आई’ असं येतं. मी तिला एमएसएनवर विचारलं. तिने लिहिलं, “नो वे. मला गाणी येत नाहीत. नुसते ओठ हलवून गाल दुखतात. गेल्या वर्षी दोन दिवस दुखत होते.”

आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. ज्याला गाणं येत नाही त्याला फेरात भारी एकटं वाटतं.

सोमवारी तिसरा तास फ्रेंचचा होता. आमच्या फ्रेंचच्या बाई, मादाम पेराँ, पश्चिम फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या. त्या सातवीत आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच आठवड्यात एक जुनं लोकगीत शिकवतात. त्यांच्या गावाकडे पाऊस पडून गेला की द्राक्षमळ्यांच्या दगडी बांधांवर गोगलगायी निघतात. बायका त्या टोपलीभर गोळा करून आणायच्या. त्या धुवायला अख्खी दुपार लागते आणि मादामच्या आजीकडे घड्याळ नव्हतं, म्हणून हे गाणं. इतकी कडवी झाली की पाणी बदला, इतकी झाली की चूल पेटवा.

गाणं असं आहे. एक आजी बारा गोगलगायी पातेल्यात ठेवते आणि लोणी आणायला जाते. तेवढ्यात एक गोगलगाय पातेल्याच्या काठावरून उतरून, पाठीवर घर घेऊन चालू लागते. आजी पार्सली आणायला जाते, दुसरी निसटते. मीठ आणायला जाते, तिसरी. असं बारा कडवी. मादामच्या गावात गोगलगाईला ‘कागूय’ म्हणतात, आणि दर कडव्यानंतर आजी ओरडते, “कागूय, कागूय, रेस्त दाँ ला कासरोल!” म्हणजे, अगं बायांनो, पातेल्यात थांबा!

आमच्या शाळेत हे गाणं सगळीकडे आहे. कँटीनच्या रांगेत, हॉकीचे मोजे चढवताना, फायर ड्रिलला मैदानात थंडीत उभं असताना. पंजाबी मुलींना येतं, सोमाली मुलींना येतं, पोलंडहून मागच्याच महिन्यात आलेल्या दोघींना ‘थँक यू’च्या आधी हे आलं.

त्या सोमवारी आम्ही ते लहान मुलींना शिकवण्यासाठी पुन्हा करत होतो. बाकं बाजूला सारलेली, मधोमध खुर्चीवर पातेलं, भोवती आमचा फेर. मी फिरता फिरता एकदम थांबले. मागची मुलगी माझ्यावर आदळली.

“हा तर भोंडलाच आहे!” मी मराठीत ओरडले.

“कस्तुरी,” मादाम म्हणाल्या, “जे काय आहे ते फ्रेंचमध्ये.”

शुक्रवारपर्यंत माझ्याकडे एकवीस नावं होती. पाच मराठी आणि सोळा इतर. सगळ्यांचे प्रश्न तेच, “कागूय आहे ना?” आणि “खायला आहे ना?” श्रद्धाने तर आपल्या नोकियावर टिकटिक करून ते गाणं रिंगटोन म्हणून बसवलं.

राहिली फक्त वैजयंतीकाकूंची परवानगी. मी लायब्ररीत गेले. काकू परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

“फ्रेंच गाणं चालेल,” काकू म्हणाल्या. “मुली येतायत, हे महत्त्वाचं. पण अर्थ काय त्याचा? देवीचं नवरात्र आहे, मला चार जणींना सांगावं लागेल.”

“स्वयंपाकाचं गाणं आहे, काकू. एक आजी चुलीवर पातेलं ठेवते आणि एकेक जिन्नस आणायला जाते.” इथपर्यंत सगळं खरं होतं.

“अगंबाई, छान आहे. आणि ते कासरोल कासरोल काय सारखं?”

“पातेलं.”

“आपण पोळ्या ठेवतो तो कॅसरोल. बरं, मग पातेल्यात काय असतं?”

आता, वैजयंतीकाकूंच्या घरात अंडं घातलेला केकसुद्धा येत नाही. श्रद्धाच्या वाढदिवसाला त्यांनी केकच्या खोक्यावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं होतं. मी तोंड उघडलं. मी बंद केलं. काकूंच्या मागच्या शेल्फवर फ्रोझन भाज्यांच्या पाककृतींचं एक पुस्तक होतं, हिरव्यागार कव्हरचं.

“मटार,” मी म्हणाले.

“किती?”

“बारा.”

“बारा किलो?”

“बारा मटार.”

काकूंचा शिक्का हवेतच राहिला. “बारा मटारांत काय होतं गं?”

“फ्रेंच लोक कमी खातात, काकू.”

“म्हणूनच बारीक असतात,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

मला वाटलं, सुटले. पण गाण्याचं असं असतं की ते सांगितल्या जागी बसत नाही. मी घरी प्रॅक्टिस करायचे, ते आईने उचललं. आमच्या कुकरची शिट्टी बिघडलेली होती, ती कधी वाजायची, कधी नुसती उसासे टाकायची. आई कडवी मोजायला लागली. भाताला सहा, डाळीला नऊ. “राजम्याला किती गं?” ती जिन्याखालून विचारायची. “दोनदा पूर्ण!” मी वरून. बाबांनी ते आंघोळीला लावलं. आमच्या टाकीत गरम पाणी जेमतेम, तेव्हा प्रत्येकाला चार कडवी. मी जरा रेंगाळले की बाबा बाथरूमच्या दारावर थापा मारायचे, “सहावं चालू आहे तुझं! ऐकतोय मी! बाहेर ये!”

पद्माकरकाका, ज्यांना भोंडला बंद करायचा होता ते, कार रिव्हर्स घेताना शिटीवर हेच वाजवताना मी स्वतः पाहिले. आणि वैजयंतीकाकू? काकूंना मोठ्या राऊंडअबाउटवर गाडी घालायची भीती वाटते. त्या स्टिअरिंग घट्ट धरून गाणं म्हणायच्या आणि गॅप मिळाली की “कासरोल!” म्हणून आत घुसायच्या. “दोन कडव्यांत मिळते आता,” त्या आईला फोनवर सांगत होत्या. “आधी पाच-पाच मिनिटं मागचे हॉर्न मारायचे. काय गोड गाणं आहे गं मनीषा. मटारांचं!”

प्रत्येक वेळी कुणी ‘मटार’ म्हटलं की माझ्या पोटात एकेक गोगलगाय सरकायची.

मग काकू प्रॅक्टिस बघायला आल्या. आमच्याच मागच्या अंगणात होती. बारा मुली पाठीवर शाळेच्या बॅगा अडकवून, गुडघ्यांवर, इंचाइंचाने फेरातून बाहेर रांगत होत्या.

“मटारांनी दप्तरं का घेतलीत?” काकूंनी विचारलं.

“त्या शेंगा आहेत, काकू.”

“अच्छा. आणि रांगतायत का?”

“घरंगळतायत.”

“इतक्या हळू?”

“फ्रोझन आहेत,” मी म्हणाले. श्रद्धाला ठसका लागला. तिला पाणी द्यावं लागलं.

काकूंनी मान हलवली. “मी तो कागूय शब्द आमच्या मोठ्या डिक्शनरीत शोधला. नाहीये गं.”

“गावाकडचा आहे ना.”

“हं. बरं, तुला एक आनंदाची बातमी. मी तुमच्या शाळेत फोन केला होता. तुमच्या मादाम प्रमुख पाहुण्या म्हणून येतायत! शाल, नारळ, आणि गाण्याच्या आधी त्या अर्थावर दोन शब्द बोलतील.”

आमच्या मंडळात प्रमुख पाहुण्यांशिवाय काही होत नाही. सहलीलासुद्धा कोचच्या ड्रायव्हरला शाल दिली होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण मी शेंगा तयार करण्यात गुंतले होते.

सोमवारी मी मादामना गाठलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “तर तुम्ही फक्त ‘मटार’ म्हणा. एकदाच. प्लीज.”

मादामनी चष्मा काढला. “माझ्या आजीच्या कागूय, मटार?”

“फक्त एका दुपारपुरते.”

“मटार कधी पळून गेलाय का?”

“माझ्या ताटातून रोज,” मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

“ऐक. मी खोटं बोलणार नाही. मला उभं करून विचारलं तर मी खरं तेच सांगेन. पण माझ्या आधी तूच सांगितलंस, तर मला सांगायला काही उरणारच नाही. नाही का?”

मी ठरवलं, गुरुवारी काकूंना सांगायचं. गुरुवारी काकूंचा उपास होता आणि त्या इतक्या खूश होत्या की मला धीर झाला नाही. मग शुक्रवारी ठरवलं. शुक्रवारी त्यांच्या घरी गेले, तर दार जेमतेम बोटभर उघडलं. “आत येऊ नकोस! खिरापत करतेय!” आणि दार बंद. मी पायरीवर उभी राहिले. आतून काकूंचा आवाज येत होता, कागूय, कागूय. मी परत आले. डिबेटिंग टीममध्ये मी कुठल्याही बाजूने तीन मिनिटं बोलू शकते, आणि इथे एक वाक्य निघेना. मला वाटलं, मी पुन्हा नऊ वर्षांची झालेय की काय!

शनिवार उजाडला. हॉलमध्ये पाट, हत्ती, हत्तीच्या गळ्यात झेंडूची माळ. आणि मुली बावीस! एकीने आपली चुलत बहीण आणली होती. पद्माकरकाका खुर्चीवर चढून मोजायला लागले. फेर चालू होता.

“चौदा... एकोणीस... अगं, फिरू नका! मोजतोय मी!”

“काका, भोंडला आहे,” मी जाता जाता ओरडले. “फिरतोच!”

“असू दे. खरी मोजणी खिरापतीला,” ते म्हणाले आणि खाली उतरले.

मराठी गाणी झाली. श्रद्धा सोडून आम्ही चौघी गात होतो आणि बाकीच्या अठरा जणी ओठ हलवत होत्या. हळूहळू मागच्या काही फोनमध्ये डोकं घालू लागल्या. पोलिश मुलींतली एक कोटाकडे बघत होती. तेव्हाच काकूंनी माइक घेतला.

मादामना शाल पांघरली. त्यांच्या हातात नारळ दिला. तो त्यांनी शेजारणीचं तान्हं बाळ धरावं तसा दोन्ही हातांत धरला.

“आणि आता,” काकू म्हणाल्या, “ज्या गाण्यासाठी आपण सगळ्या थांबलोय, त्या बारा मटारांच्या गाण्याबद्दल मादाम दोन शब्द...”

मादामनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पण नारळ धरून.

“काकू!” मी म्हणाले. “आधी माझे दोन शब्द!” आणि माइक घेतलाच. “मटार नाहीयेत. गोगलगायी आहेत.”

श्रद्धा मागून इंग्लिशमध्ये म्हणाली, “ओ माय गॉड, तिने सांगितलं,” आणि मराठी न कळणाऱ्या सतरा जणी एकदम “काय सांगितलं? काय सांगितलं?” करत पुढे आल्या.

“जिवंत?” काकूंनी विचारलं. माइक माझ्याकडे होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“हो.”

“पातेल्यात?”

“हो. पण काकू, एकही शिजत नाही! बाराच्या बारा निघून जातात. ते बॅगा घेऊन रांगणं म्हणजे तेच. कुणी कुणाला खात नाही. आजी हात हलवत बसते.”

काकूंनी विचार केला. “मग पातेल्यात राहतं काय?”

“लोणी, पार्सली, मीठ...” मी श्वास घेतला. “आणि लसूण.”

“लसूण!” हे एकट्या काकू म्हणाल्या नाहीत. हे भिंतीकडेच्या खुर्च्यांवरच्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. गोगलगाईंना एवढा आवाज नव्हता झाला.

“नवरात्रात लसूण?”

“अहो, मी तीन आठवडे गातेय हे. देवासमोर गायलेय!”

“मी तर घटाला पाणी घालताना!”

“गोगलगायी गेल्या तर गेल्या, त्या फ्रेंच लोकांचं त्यांना लखलाभ. पण लसूण म्हणजे...”

मादाम श्रद्धाला विचारत होत्या, काय झालं. श्रद्धा म्हणाली, “दे आर अपसेट अबाउट द गार्लिक.” मादामचा चेहरा असा झाला, की तसा मी त्यांच्या तासाला कधीच पाहिला नाही, आमचे निकाल लागले तेव्हासुद्धा.

वैजयंतीकाकूंनी हात वर केला. लायब्ररीतला हात. सगळ्या गप्प झाल्या.

“लसणाचं नंतर. तू माझ्याशी खोटं बोललीस, कस्तुरी.”

“हो.”

“शेंगा म्हणालीस. फ्रोझन म्हणालीस.”

“हो, काकू.”

“का?”

डिबेटिंगमध्ये अशा वेळी तीन मुद्दे मांडायचे असतात. मला एकच सुचला. “कारण तुम्ही नाही म्हणाला असता. मग मुली आल्या नसत्या आणि भोंडला बंद झाला असता. आणि मला इथे... मला कुठेच बोलता यायचं नाही तेव्हा, इथे यायचं. म्हणून.” आवाज शेवटी बारीक झाला. मला ते आवडलं नाही, पण झाला.

“माहितेय मला,” काकू म्हणाल्या. “फेरात माझ्या शेजारी असायचीस. माझ्या याच कानात ओरडायचीस.” मग त्यांना पुन्हा राग आठवला. “पण म्हणून मटार? अगं, मी वेडी तुझ्या त्या गाण्याच्या मानाखातर काल उपाशीपोटी साठ मटार करंज्या तळल्या!”

आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

कारण खिरापत काय आहे ते, जिने केली तिने, स्वतःच्या तोंडाने, ओळखायच्या आत सांगणं, हे भोंडल्यात होत नाही. होऊच शकत नाही. माझी आई खुर्चीवरून अर्धी उठली. झाकलेल्या डब्यावरचं फडकंसुद्धा मला एकदम केविलवाणं वाटायला लागलं.

“फुटली!” पद्माकरकाका ओरडले. “खिरापत उघड झाली! लिहिलेलं आहे वैजयंतीताई, तुमच्याच अक्षरात, खिरापत उघड होईल त्या क्षणाला! मी आत्ता मोजणार!” ते पुन्हा खुर्चीवर चढले. त्यांचा चेहरा डीजे आल्यासारखा उजळला होता. त्यांना वाटलं, एवढ्या भांडणात अर्ध्या मुली कोट घालून निघून गेल्या असणार. मलाही तेच वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

“एक, दोन, तीन...” काका मोजत होते. “अकरा, बारा...” मग त्यांचा वेग कमी झाला. “सतरा. अठरा. ही कोण, मघाशी होती का? वीस... एकवीस... बावीस.”

मी डोळे उघडले. एकही गेली नव्हती. कोणी जाणार कसं? मराठीतून इंग्लिशमध्ये आणि इंग्लिशमधून फ्रेंचमध्ये इतकं मस्त भांडण चाललं होतं, की त्या एकमेकींच्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या. कोटाकडे बघणारी पोलिश मुलगी तर खुर्ची ओढून पुढे बसली होती.

“बावीस,” काकू म्हणाल्या. “लिहून घेऊ?”

काका खुर्चीवरून उतरले. उतरताना त्यांनी पँट झटकली. “नियम म्हणजे नियम. दर वर्षी भोंडला. मी काही बोलत नाही.”

मी काकूंकडे धावले. त्यांनी मला मिठीबिठी मारली नाही. दंडाला धरलं आणि कानात म्हणाल्या, “सोमवारपासून लायब्ररीत ये. महिनाभर पुस्तकं लावायची. खोटं बोलल्याबद्दल.” मग माइक घेतला. “आता गाणं. पण ज्या कडव्यात लसूण आहे ते गाळायचं.”

“नॉन!” मादाम पेराँ शाल सावरत उभ्या राहिल्या. याचं भाषांतर करावं लागलं नाही. “कडवं गाळलं तर एक कागूय पातेल्यातच राहील! ती शिजेल!”

हा मुद्दा बिनतोड होता. एक जीव वाचवायचा की लसूण टाळायचा, यावर भिंतीकडे कुजबुज सुरू झाली.

काकूंनी पर्स उघडली. पोट दुखलं तर हवा म्हणून त्यांच्या पर्समध्ये कायम हिंगाची डबी असते. त्यांनी ती मादामच्या नाकाखाली धरली.

“धिस,” काकू म्हणाल्या. “इन्स्टेड ऑफ गार्लिक.”

मादामनी हुंगलं. त्या दोन पावलं मागे गेल्या. मग पुढे आल्या आणि पुन्हा हुंगलं. “काय म्हणतात याला?”

“हिंग.”

मादामनी बोटांवर ताल धरला. लसणाला फ्रेंचमध्ये ‘आय’ म्हणतात, एकच ठोका. त्यांनी पुटपुटत ती ओळ हिंग घालून म्हणून पाहिली. बसली. अगदी नेमकी बसली.

“माझी आजी मला माफ करणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण चालेल. फक्त आज.”

आणि मग आम्ही गायलो. देवा, काय गायलो! मघाशी नुसते ओठ हलवणाऱ्या अठरा जणींनी हॉलचं छप्पर उचललं. भिंतीकडच्या बायका खुर्च्या सोडून फेरात आल्या. त्यांचा उच्चार आमच्यापेक्षा चांगला होता, कारण तीन आठवडे कुकरशेजारी प्रॅक्टिस झाली होती. दर कडव्याला एक मुलगी बॅग घेऊन रांगत निघायची आणि सगळ्या मिळून हत्तीकडे बोट करून ओरडायच्या, पातेल्यात थांबा! चौथ्या कडव्याला “हिंग” आला तेव्हा तर टाळ्या पडल्या. पद्माकरकाका भिंतीला टेकून, तोंडाने नाही पण शिटीने, होतेच.

अकरा गेल्या. बारावी जाणार होती श्रद्धा, पण तिला हसून हसून उचकी लागली होती. ती जमिनीवर बसली आणि उठेचना.

“बारावी कोण?” मी गाता गाता ओरडले. “बारावी!”

“सरक,” वैजयंतीकाकू म्हणाल्या.

त्यांनी पर्सचे बंद दोन्ही खांद्यांत अडकवून ती पाठीवर घेतली, पदर खोचला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून एक गुडघा टेकला, मग दुसरा. “आई गं,” त्या म्हणाल्या. आणि निघाल्या.

पाच वाजले होते आणि हॉलचं पुढचं बुकिंग कराटेवाल्यांचं होतं. ते पांढऱ्या ड्रेसमध्ये दारात येऊन उभे होते. वीस-एक जण असतील, पुढे त्यांचे ब्लॅक बेल्टवाले सर. त्यांनी पाहिलं, की नऊवारीतल्या एक बाई पर्स पाठीवर घेऊन, इंचाइंचाने, सरळ आपल्याकडे येतायत. ते सर एकदम बाजूला झाले. त्यांच्यामागे सगळी रांग दुभंगली.

“काकू, दार आलं, उठा आता!” आई म्हणाली.

“कडवं कुठे संपलंय?” काकू मान वर न करता म्हणाल्या. त्या उंबरठ्यापाशी थांबल्या, मागे वळून बघितलं, आणि त्यांना मी फेराच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभी दिसले. “अगं, बघतेस काय? गा!”